सहा निरोगी माणसं

संस्थेत त्याला घुमेसाहेब म्हणत. खरं आडनाव दुसरंच काहीतरी होतं, पण ते हजेरीपटापुरतं. माणूस वाईट नव्हता हो. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. सकाळी साडेआठला तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत शिरायचा, दार लावून घ्यायचा, आणि संध्याकाळी सहाला बाहेर पडताना लिफ्टमनकडे बघून मान हलवायचा. दिवसभरात तोंडातून निघालेले शब्द मोजले असते तर दोन्ही हातांची बोटंही पुरी लागली नसती. घरी तर बोलायचा प्रश्नच नव्हता. आई गेल्यापासून घरात तो एकटा. दुसऱ्या शहरातल्या ताईचा रविवारी फोन यायचा. "जेवलास का?" "जेवलो." "बरा आहेस ना?" "बरा आहे." झालं. ताईलाही आता सवय झाली होती.

त्याचं काम काय, हे मात्र जरा नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आपल्या अंगात वीस-एक हजार जनुकं असतात. एकेक जनुक म्हणजे एकेक प्रथिन बनवायची कृती. त्यातल्या काही प्रथिनांवर जगभरची माणसं तुटून पडलेली असतात आणि कित्येकांकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं. त्यांना नावसुद्धा नसतं, नुसता नंबर. घुमेसाहेबाचं प्रथिन असंच, नंबर चौदाशे सात. फुफ्फुसं हळूहळू कडक होत जायचा एक आजार आहे. माणूस दहा पायऱ्या चढला की बसून घेतो, मग पाच, मग पलंगावरून उठायचीही चोरी. त्या आजारात कुठलं प्रथिन माजतं ते हुडकायचं, म्हणजे औषधाचा नेम त्याच्यावर धरता येईल, असं ते काम. घुमेसाहेबाने हुडकलं होतं. सात वर्षं त्याच्या मागे लागला होता आणि या सात वर्षांत जगात दुसरं कुणीही चौदाशे सातवर काम करत नव्हतं.

त्याचं दुःख इतरांना कळायचं नाही. परिषदांमध्ये एकाच प्रथिनावर काम करणारी माणसं घोळक्याने भेटतात, भांडतात, एकमेकांची उणीदुणी काढतात आणि संध्याकाळी एकत्र जेवतात. घुमेसाहेबाशी भांडायलाही कुणी नव्हतं. भिंतीवर लावलेल्या आपल्या संशोधनाच्या तक्त्याशेजारी हात मागे बांधून तो दोन-दोन तास उभा राहायचा. कुणीतरी थांबायचं, नंबर वाचायचं, "अच्छा" म्हणायचं आणि पुढे सरकायचं.

पण निकाल बघाल तर चोख. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, त्यातली प्रथिनं जेल नावाच्या जेलीसारख्या पातळ थरावर पसरायची, आणि चौदाशे सात जिथे असेल तिथे फिल्मवर काळा पट्टा उमटतो. एकेचाळीस रुग्णांच्या रक्तात काळा पट्टा. सहा निरोगी माणसांच्या रक्तात काही नाही. कोरं. दरवर्षी करा, कितीदाही करा, तेच. विभागाच्या मोठ्या बाईंनी पहिल्यांदा ती फिल्म उजेडासमोर धरली, उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाल्या, "तीस वर्षांत इतकं स्वच्छ मी काही पाहिलं नाही."

स्वच्छ असणारच. सांगतो का ते.

नियम असा की तुलनेसाठी किमान सहा निरोगी माणसांचं रक्त हवं. वेगवेगळ्या वयाची माणसं, बाया-पुरुष दोन्ही. प्रत्येकाला नुसता क्रमांक द्यायचा. नावं एका वहीत लिहून ती वही कपाटात कुलपात ठेवायची, म्हणजे कुणी कुणाला ओळखू नये. बाकीचे लोक काय करतात? शेजारच्या टेबलावरच्याला म्हणतात, "अरे, हात पुढे कर." बायकोला बोलावतात, मेहुण्याला पकडतात. घुमेसाहेबाने फलकावर चिठ्ठी लावली, 'निरोगी स्वयंसेवक हवेत, दोन चमचे रक्त, संपर्क खोली क्रमांक ३१४.' पंधरा दिवस वाट पाहिली. कुणी आलं नाही, म्हणजे निदान त्याला तरी तसं वाटलं. मग फॉर्म हातात घेऊन तो दोनदा कँटीनच्या दारात उभा राहिला आणि दोन्हीदा चहा पिऊन परत आला. पहिल्या अहवालाची तारीख तोंडावर आली होती. शेवटी एका सकाळी तळमजल्यावरच्या दवाखान्यात गेला, बाही वर केली आणि सिस्टरना म्हणाला, "घ्या." नळीवर लिहिलं, क्रमांक एक.

आठवड्याने क्रमांक दोन. मग तीन. असं करत सहा. वहीत नावाच्या जागी सहा वेळा स्वतःचं नाव लिहिलं. खोटं लिहिलं नाही, तेवढी लाज होती. पण वही कुलपात होती आणि ती उघडायची कुणालाच परवानगी नव्हती. पहिल्यांदा त्याने मनाला समजावलं, एवढ्या अहवालापुरतं, पुढच्या वेळी खरे सहा आणू. पुढच्या वर्षी नळ्यांतलं संपलं तेव्हा पुन्हा तोच गेला. सात वर्षं हेच चाललं. कामाच्या बाबतीत केसाचाही फरक सहन न करणारा माणूस, आणि ही एवढी गोष्ट त्याने स्वतःपाशीसुद्धा कधी मोठ्याने बोलून दाखवली नाही. निरोगी तो निरोगी, एक काय नि सहा काय, असं म्हणत राहिला. मला विचाराल तर इथेच त्याला कुणीतरी खांद्याला धरून हलवायला हवं होतं. पण हलवणार कोण?

तर आता गोष्ट अशा ठिकाणी आली होती की सोमवारी मोठी बैठक. चौदाशे सातवर शिक्का बसणार, आणि मंगळवारपासून चाळीस माणसं त्याच्यावर चालेल असं औषध शोधायला लागणार. त्याआधी एक शेवटचा सोपस्कार म्हणून रुग्णांची आणि निरोगी माणसांची सगळी जनुकं, चौदाशे सातसकट, अक्षर न् अक्षर वाचून घ्यायची होती. नळ्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या. तिथे ते यंत्र सांभाळणारा एक बोलघेवडा गृहस्थ होता. त्याला सगळे मशीनवाला म्हणत. बुधवारी दुपारी त्याचा फोन आला.

"घुमेसाहेब, तुमची ती सहा निरोगी माणसं एकमेकांची कोण लागतात हो?"

"का?"

"अहो, सहाही अगदी एकसारखी. सख्ख्या भावांत एवढं साम्य नसतं. एकाच माणसाचं रक्त सहा नळ्यांत गेलंय तुमच्याकडून. होतं कधीकधी, मनावर घेऊ नका. नवीन सहा पाठवा, मी आधीचं काढून टाकतो, कुणाला कळायचं पण नाही."

"पाठवतो."

"आणि गंमत ऐका. ज्या कुणाचं आहे ना, त्याचं चौदाशे सात मोडकं आहे. आईकडची प्रतही मोडकी, बापाकडचीही. कृती मध्येच थांबते. ते प्रथिन त्या माणसाच्या अंगात तयारच होत नसणार. लाखात एखादा सापडेल असा. कोण आहे तो?"

घुमेसाहेबाने फोन ठेवला. हुशार माणूस होता, त्याला फोड करून सांगायची गरज नव्हती. सात वर्षं फिल्मवर जी सहा कोरी घरं दिसत होती, ती निरोगी असल्यामुळे कोरी होती की ती त्याची असल्यामुळे? चौदाशे सात आजाऱ्यांमध्ये माजतं, की ते सगळ्या जगाच्याच अंगात असतं आणि नाही ते फक्त त्याच्या?

मशीनवाल्याने पळवाट तर आयती दिली होती. नळ्या चुकल्या म्हणायचं, सोमवार पार पडू द्यायचा, मग बघू. खरं सांगायचं तर तास-दीड तास तो त्याच विचारात बसला. पण त्याला तो ट्रकचालक आठवत राहिला. रुग्णांपैकी एक, दर तीन महिन्यांनी यायचा, जिना चढून आला की खुर्चीत बसून आधी दम खायचा आणि मग स्वतःच बाही सारायचा. "एवढ्यात भागतं का साहेब? अजून घ्या. आमचं काय राहिलंय." चाळीस माणसं चार-पाच वर्षं खपणार, औषध बनवणार, आणि ते अशाच कुणाच्या तरी शिरेत जाणार, एका चुकीच्या प्रथिनाच्या मागे. तेवढ्यात खरं प्रथिन कुठेतरी तसंच पडून राहणार. हे त्याच्याने होईना.

म्हणजे आता सहा माणसं हवी होती. खरी. शुक्रवारच्या आत.

गुरुवारी सकाळी त्याने प्रसाधनगृहात आरशासमोर वाक्य म्हणून पाहिलं. "आपल्याला हरकत नसेल तर थोडं रक्त हवं होतं." चार वेळा म्हटलं. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, डॉक्टरेट मिळवलेला, आणि तळव्यांना घाम. हसू नका.

पहिला लिफ्टमन. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढंच होय? मला वाटलं माझी तक्रारबिक्रार आलीय. कुठे यायचं?" लिफ्ट तशीच उघडी ठेवून तो खाली निघालाही.

कँटीनच्या मावशींनी हात पुसता पुसताच मान डोलावली. "घ्या की, त्यात काय. पण मला एक सांगा, सात वर्षं रोज त्या कोपऱ्यात बसून चहा पिता, कधी साखर जास्त झाली म्हणूनसुद्धा बोलला नाहीत. मला वाटायचं तुम्हाला आमचा राग आहे."

"नाही हो," तो म्हणाला, आणि फॉर्म त्यांच्यापुढे धरला.

ग्रंथपालांनी हो म्हणायला अर्धं मिनिट आणि चौदाशे सात म्हणजे काय हे समजून घ्यायला पाऊण तास घेतला. त्याला बोलावं लागलं. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की गेल्या काही महिन्यांत एका दमात आपण एवढं कुणाशी बोललेलो नाही. माळी सुईला घाबरत होता, तोंड दुसरीकडे फिरवून बसला, पण बसला. मशीनवाला तर बोलवायच्या आधीच हजर. पाच झाले. दुपारचा एक पण वाजला नव्हता. सात वर्षं ज्याच्यावाचून घोडं अडलं होतं ते काम अर्ध्या दिवसात उरकलं, आणि त्याचा त्याला आनंद काही झाला नाही.

सहाव्या सिस्टर. पाच जणांचं रक्त काढून झाल्यावर त्यांनी स्वतःच खुर्चीत बसून बाही वर केली. "माझं तुम्ही काढा. शिकवते." त्याने काढलं, नीट काढलं. कापूस दाबून धरत त्या म्हणाल्या, "तुमचं नाही घ्यायचं आज?"

वर्षातून सहा वेळा त्याची शीर शोधणारी बाई ती, तिला माहीत नसणार कसं?

"मी कधी विचारलं नाही," सिस्टर म्हणाल्या. "मला वाटायचं तुम्हालाच काहीतरी मोठं दुखणं आहे आणि तुम्ही गुपचूप तपासून घेताय. दर वेळी तुम्ही दारात दिसलात की बरं वाटायचं. म्हणजे अजून आहात."

"मी बरा आहे. ते तुलनेसाठी होतं. कुणी आलं नाही तेव्हा, म्हणून."

"आले होते ना मी. चिठ्ठी वाचून. पहिल्याच वर्षी. दार वाजवलं तर तुम्ही आतून 'नंतर' म्हणालात. मला वाटलं, झाली असतील माणसं गोळा."

त्याला ते आठवत नव्हतं. खूप आठवून पाहिलं तरी आठवेना. तो असं कितीदा आणि कुणाकुणाला म्हणाला असेल, याचा मग त्याने विचारच सोडून दिला.

शुक्रवारी जेलवर आठ घरं. सहा नव्या माणसांची, एक ट्रकचालकाचं, एक त्याचं स्वतःचं. अंधाऱ्या खोलीतल्या लाल दिव्याखाली त्याने फिल्म द्रावणात सोडली आणि वर डोकं काढायला लागलेले पट्टे बघत उभा राहिला. लिफ्टमन, काळा. मावशी, काळा. ग्रंथपाल, माळी, मशीनवाला, सिस्टर. सगळे ठसठशीत काळे. ट्रकचालकाचा पट्टाही तेवढाच काळा, रेसभर कमी नाही की जास्त नाही. आणि शेवटचं घर कोरं.

संपलं. चौदाशे सात आजारात माजत नव्हतं. ते बिचारं सगळ्यांच्याच अंगात आपापलं काम करत होतं.

त्याला रडू आलं. सात वर्षं पाण्यात गेली म्हणून आलं असेल असं तुम्हाला वाटेल, पण तसं नव्हतं, आणि ते त्याला उभ्या उभ्या कळत होतं. त्या फिल्मवर तेवढा तोच एकटा वेगळा पडला होता म्हणून ते रडू होतं. क्षणभर त्याच्या मनात असंही येऊन गेलं की आपण असे माणसांपासून तुटलेले आहोत ते या प्रथिनापायीच असेल. सोयीचं होतं ते. पण नाही, प्रथिनाच्या डोक्यावर खापर फोडण्यात अर्थ नव्हता. दार काही प्रथिनाने लावून घेतलं नव्हतं.

ओली फिल्म चिमट्यात धरून तो तसाच बाईंच्या खोलीत गेला. वही पण काखेत होती, कुलपातून काढलेली. बाईंनी फिल्म खिडकीसमोर धरली, मग वही उघडली, सहा ओळी वाचल्या, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सहाही तू?"

"हो."

"सगळी वर्षं?"

"हो बाई."

बाई पुष्कळ बोलल्या. त्या काय काय बोलल्या ते सगळं इथे सांगत बसत नाही. रागावल्या, आणि त्यांचा राग अगदी रास्त होता. त्या एकेचाळीस लोकांना मी कुठल्या तोंडाने सांगू, असं दोनदा म्हणाल्या. बैठक रद्द होईल, चौकशी बसेल, नोकरी राहील असा शब्द मी देऊ शकत नाही, हे शांतपणे सांगितलं. तो उभाच होता. मग त्यांचा आवाज खाली आला.

"माझं का नाही घेतलंस रे? समोरच्या खोलीत बसते मी. सात वर्षं. नुसती हाक मारली असतीस तरी आले असते."

बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी कागदाचा गठ्ठा पुढे सरकवला. "ज्या मासिकात आपण हे छापलं त्यांना आजच्या आज कळवायचं. लेख मागे घेतोय म्हणून. तूच लिही. काय झालं ते सरळ लिही, आणि का झालं तेही लिहावं लागेल, ते विचारतातच. एका वाक्यात. गोष्टी सांगू नकोस."

बाईंच्याच टेबलाच्या कडेला बसून त्याने लिहायला घेतलं. पहिला भाग भराभर झाला. तुलनेसाठी वापरलेले सहाही नमुने एकाच व्यक्तीचे, म्हणजे प्रस्तुत लेखकाचे होते. त्या व्यक्तीत हे प्रथिन जन्मतःच नाही. सबब निष्कर्ष चूक आहेत, आणि हे प्रथिन औषधासाठी निवडू नये. तारीख घातली, सही केली. मग कारणाची ओळ राहिली. खालून कँटीनमधल्या भांड्यांचा आवाज येत होता, बाहेर लिफ्टचं दार उघडलं-मिटलं, समोर बाई फोनवर कुणाला तरी सोमवारचं कळवत होत्या. त्याने लिहिलं, 'विचारायला कोणी नव्हतं.'

वाचून पाहिलं. एवढं मोठं खोटं त्याने सात वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं. त्याने त्या ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'मी कोणाला विचारलं नाही.'